टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्या एकत्र चालवल्या की नापास (पायथन, क्लासच्या मेथड)

अशोकचौक_पायथन

नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितोय, बीसीएचं दुसरं वर्ष. पायथन दिवाळीनंतर धरलं, युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) हा प्रकार तर तीनच आठवड्यांपूर्वी. प्रश्न बावळट असेल तर सांभाळून घ्या, पण दोन रात्री यात गेल्यात आणि आता डोकं चालेना.

आधी हे कशासाठी चाललंय ते सांगतो. आमचे बाबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की पाना घेऊन पळणारा माणूस. कामगारांना पगार नगावर, दर शनिवारी. दिवाणजी लाल वही उघडून बसतात, कुणी किती टॉवेल काढले, कुणी आठवड्यात किती उचल घेतली, सगळं हातानं. रांग दोन-दोन तास हलत नाही. एका शनिवारी बाबा घरी येऊन म्हणाले, ‘कॉम्प्युटर शिकलालास ना, मग एवढं तरी करून दाखव की.’ मी दाखवायला बसलो.

क्लास, म्हणजे कामगाराचा साचा, असा आहे. डेफनं सुरू होतात त्या त्याच्या मेथड, म्हणजे त्याला करता येणारी कामं. फोनवरून टाकतोय म्हणून पायथनचे शब्दसुद्धा देवनागरीत लिहिलेत. खऱ्या फाइलमध्ये ते इंग्रजीतच आहेत, पण नग, उचल, पगार ही नावं मात्र तिथंही अशीच मराठीत आहेत. पायथन ३ ला चालतात. घरी आम्ही तेलुगू बोलतो, पण वही मराठीत आहे, म्हणून कोडची नावंही वहीसारखी ठेवली.

    क्लास कामगार:
        नग = []
        उचल = ०

        डेफ नग_लिही(सेल्फ, किती, दर):
            सेल्फ.नग.अपेंड((किती, दर))

        डेफ उचल_घे(सेल्फ, रक्कम):
            सेल्फ.उचल += रक्कम

        डेफ पगार(सेल्फ):
            एकूण = सम(किती * दर फॉर किती, दर इन सेल्फ.नग)
            रिटर्न राउंड(एकूण - सेल्फ.उचल)

नग_लिहीमध्ये सेकंड (म्हणजे दोष राहिलेल्या) मालाचा अर्धा दर पण आहे, तो भाग इथे गाळलाय. दर खरे नाहीत, कारखान्याचे आकडे बाहेर लिहायचे नाहीत असं बाबांनी बजावलंय.

टेस्ट पाच लिहिल्यात. सेटअपमध्ये, म्हणजे प्रत्येक टेस्टच्या आधी आपोआप चालणाऱ्या मेथडमध्ये, दर वेळी नवा कामगार बनवतो.

उचल: ४० नग, दर ६, उचल १००. पगार १४० यायला पाहिजे.
दोन पाळ्या: आधी ३० नग, मग २५. ३३०.
पैसे: नॅपकिन १२५, दर अडीच रुपये. ३१२.
रिकामा कामगार: काहीच काम नाही. ०.
सेकंड: १० चांगले, ४ सेकंड. ७२.

आता गंमत बघा. एकेकटी चालवली की पास होते. (पाचवी एकटी चालवायची राहिली, लाइट गेली.) सगळ्या एकदम चालवल्या की खाली हे येतं: ‘रॅन ४ टेस्ट्स’, ‘फेल्युअर्स ३’. ५७० आणि ३३० जुळत नाही, ८८२ आणि ३१२ जुळत नाही, ८८२ आणि ० जुळत नाही. काहीच काम न केलेल्या माणसाला ८८२ रुपये पगार! असा कारखाना असेल तर मीच कामाला जातो.

अपेक्षित आकडे चुकलेत म्हणावं तर तसंही नाही. ते मी प्रोग्राम चालवून, जे उत्तर आलं तेच उतरवून घेतलेत. पाचवीचं तेवढं तोंडी केलं. आणि उचल मात्र कधीच गोंधळत नाही, फक्त नग गोंधळतात. दोन्ही तर एकाखाली एक, एकाच जागी लिहिलेत. असं कसं काय की?

रोखठोक

नग = [] ही रिकामी लिस्ट क्लासच्या अंगात लिहिलीयस म्हणून. इनिट मेथड (नवा कामगार बनताना आपोआप चालते ती) लिही, तिथे सेल्फ.नग = [] कर. नाहीतर अपेंड काढून तिथेही += लिही, उचलीला चालतंय तसं नगालाही चालेल. आणि युनिटटेस्ट हे पायथनसोबत येणारं टेस्टचं साधन जुनं झालं, त्याऐवजी पायटेस्ट घे. यावर दोन रात्री घालवायची गरज नव्हती.

टेस्टरताई

रोखठोक यांचं इनिटचं म्हणणं बरोबर. पण पोरानं ‘असं कसं’ विचारलंय, ‘काय बदलू’ नाही.

मी मूळची सोलापूरची, हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेले ती तिकडचीच झाले. टेस्टिंगमध्ये सोळा वर्षं झाली. तुझा प्रश्न मुळीच बावळट नाही. आमच्याकडे नोकरीला लागलेली पोरंसुद्धा इथेच अडकतात आणि ती विचारतही नाहीत, टेस्टच पुसून टाकतात.

आधी तुझे आकडे वाचू. ५७० आलं, पाहिजे होतं ३३०. वजा कर. २४० जास्त. दर ६, म्हणजे ४० नग. ४० नग कुठल्या टेस्टमधले? उचलीच्या. पुढचं बघ: ५७० मध्ये नॅपकिनचे ३१२ रुपये ५० पैसे मिळव, ८८२.५०, राउंड होऊन ८८२. रिकाम्या कामगाराच्या नावावर तेच ८८२ पडले. म्हणजे प्रत्येक टेस्ट मागच्या सगळ्यांचे नग डोक्यावर घेऊन येतेय. नापास टेस्टमधला चुकलेला आकडा असा सोलून बघायची सवय लाव. बहुतेक वेळा कोड उघडण्याआधीच चोर सापडतो.

आता का. तुमच्या शेडच्या दाराशी फळा असेल तर तो डोळ्यांसमोर आण. क्लासच्या अंगात लिहिलेला नग हा दारावरचा फळा आहे, सगळ्या कामगारांना मिळून एक. तू दर वेळी नवा कामगार आणतोस, पण तोही आत येताना त्याच फळ्याकडे बघतो. अपेंड म्हणजे खडू घेऊन त्याच फळ्यावर पुढे लिहिणं.

उचलीचं वेगळं होतं. += नं काय केलं? फळ्यावरचं शून्य वाचलं, त्यात १०० मिळवले आणि येणारा आकडा त्या कामगाराच्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहिला. फळ्यावरचं शून्य तसंच राहिलं. पुढच्या कामगाराला पुन्हा शून्यच दिसलं. म्हणून उचल कधी गोंधळली नाही. नशिबानं हं, तू तशी सोय केली होतीस म्हणून नाही. दोन्ही इनिटमध्ये घाल, म्हणजे प्रत्येकाचं कार्ड ज्याच्या त्याच्या खिशात.

आणि क्रम. तू कुठल्याही क्रमानं लिही, युनिटटेस्ट नावांच्या अक्षरक्रमानं चालवतं. उ, द, प, र. पहिली धावली ती उचल, म्हणून तेवढी एकच पास.

हे झालं तू विचारलेलं. आता न विचारलेलं. तुझं एक वाक्य वाचून चहा तसाच राहिला माझा: ‘प्रोग्राम चालवून, जे उत्तर आलं तेच उतरवून घेतलेत.’

१२५ नॅपकिन, अडीच रुपये. कागदावर कर. ३१२ रुपये ५० पैसे. तुमचे दिवाणजी या ५० पैशांचं काय करतात? बहुतेक जण वरचा रुपया धरतात. ३१३. पायथनचं राउंड तसं करत नाही. बरोबर मधोमध आकडा आला की ते जवळच्या सम संख्येकडे जातं. ३१२.५० चे ३१२ करतं आणि ३१३.५० चे ३१४. भरपूर आकड्यांची बेरीज करताना सगळी चूक एकाच बाजूला साचू नये म्हणून तसं ठेवलंय, त्यात पायथनचा दोष नाही. पण तुमच्या रांगेत एका बाईला रुपया कमी मिळेल, तिच्या मागचीला बरोबर मिळेल, आणि दोघींत भांडण लागलं की नाव तुझ्या प्रोग्रामचं येईल. तुझी टेस्ट मात्र हिरवी, म्हणजे पास. का, तर तू कोडलाच विचारलंस ‘तू बरोबर आहेस का रे?’ आणि तो हो म्हणाला.

माझे आजोबा चादरीच्या जॅकार्डची (मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राची) भोकांची कार्डं पंच करायचे. पहिली चादर मागावरून उतरली की ग्राफचा कागद मांडीवर घेऊन बसायचे, मोराच्या मानेपासून एकेक चौकट बोटानं मोजत. शेजारच्या मागावरच्या चादरीशी लावून कधी बघितलं नाही. तिची कार्डंही त्याच हातची, भोक चुकलं असलं तर दोन्हीकडे चुकलेलं.

तुझा ग्राफचा कागद म्हणजे ती लाल वही. अपेक्षित आकडे तिथून घे, किंवा स्वतः कागद-पेन्सिलीनं काढ. कोडमधून नको.

शेवटचं. पाच टेस्ट लिहिल्यास म्हणतोस. निकालात ‘रॅन ४’ आहे. पाचवीचं नाव खऱ्या फाइलमध्ये कसं लिहिलंयस, ते बघून सांग.

जुना_जावावाला

रोखठोक, += चा सल्ला मागे घ्या. लिस्टवर += केलं तरी जुनी लिस्टच जागेवर वाढते, नवी तयार होत नाही. फळा तोच, खडू तोच. पोरगा तसं करून बघेल आणि तिसरी रात्र घालवेल.

पायटेस्ट चांगलं आहे, मीही वापरतो. पण त्यानं हा घोटाळा सुटला नसता, लिस्ट तिथेही एकच राहिली असती.

आणखी एक, शब्दाचं. पायथनमध्ये ‘क्लास मेथड’ म्हटलं की वेगळी वस्तू, जिला सेल्फऐवजी खुद्द क्लास मिळतो. तुझ्या आहेत त्या साध्या, सेल्फ घेणाऱ्या इन्स्टन्स मेथड. शोधताना हे लक्षात ठेव, नाहीतर भलतंच हाती लागेल.

युनिटटेस्टमध्ये सेटअपच्या मधलं यू मोठ्या लिपीत का, बाकी पायथनमध्ये तर सगळं लहान, असा प्रश्न तुला पडेलच. ते घराणं जावा या भाषेकडून आलंय. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून जेयुनिट हे जावाचं टेस्टचं साधन लिहिलं. बेकनं त्याआधी स्मॉलटॉक या भाषेसाठी तसंच एक केलं होतं. पायथनमध्ये ते २००१ ला, २.१ आवृत्तीत आलं, आणि नावांची धाटणी तशीच राहिली. याचा तुझ्या पगाराशी काही संबंध नाही, सांगावंसं वाटलं.

अशोकचौक_पायथन

ताई, सापडलं. हसू नका.

पहिल्या चार टेस्टच्या नावात सुरुवातीचा टेस्ट हा शब्द इंग्रजी अक्षरांत आहे आणि पुढचं मराठीत. पाचवी लिहिताना कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. टेस्ट_सेकंड, अख्खं देवनागरी. पायथनला ते नाव चालतं, म्हणून चूकही दाखवली नाही. युनिटटेस्टला मात्र ती टेस्टच वाटली नाही. तीन आठवडे मी ‘सेकंड मालाची टेस्ट आहे आपल्याकडे’ म्हणून निवांत.

नाव दुरुस्त केलं, इनिट लिहिलं, पाचही चालवल्या. पहिल्या चार पास. पाचवी नापास: ८४ आणि ७२ जुळत नाही. ८४ म्हणजे १४ सक्के, सेकंडला पण पूर्ण दर! मेथड उघडली तर अर्ध्या दराच्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह. मागच्या महिन्यात कशासाठी तरी ती ओळ बंद केली होती, ती तशीच राहिली. सेकंड माल पूर्ण दरानं. कामगार खूश झाले असते, मालकांनी बाबांना बाहेरचा रस्ता दाखवला असता.

आणि पैशांचं पण विचारलं. बाबांनी रात्रपाळीला जाताना दिवाणजींना गाठलं. ते म्हणाले, ‘पन्नास पैसे असले की रुपया, त्याच्या खाली सोडून द्यायचे, आमच्या वडिलांच्या काळापासून असंच.’ म्हणजे ३१३. टेस्टमध्ये ३१३ लिहिलं, आणि पहिल्यांदाच माझी टेस्ट कोडच्या विरोधात उभी राहिली. बरं वाटलं ओ, खरं सांगतो. मग हिशेबच पैशांत, पूर्णांकात केला: एकूण पैशांत ५० मिळवायचे आणि १०० नं पूर्ण भागायचं. ३१३.५० ची पण एक टेस्ट वाढवली, ३१४ ची. ती आधीच्या कोडवरही पास झाली असती हे कळलं, म्हणून दोन्ही ठेवल्या.

बाबांनी एक आणखी सांगितलं, जे मला माहीतच नव्हतं. उचल कितीही असली तरी एका आठवड्यात अर्ध्या पगारापेक्षा जास्त कापत नाहीत, उरलेली पुढच्या शनिवारी. माझा प्रोग्राम तर पगार उणे दाखवत होता. त्याची टेस्ट आधी लिहिली, मेथड नंतर. ४० नग, दर ६, उचल २००. हातात १२०, पुढच्या आठवड्याला ८० बाकी.

आता नवीन अडचण. हप्ता_संपला नावाची मेथड आहे, आज शनिवार असला तरच खरं म्हणते. तिची टेस्ट काल पास झाली. काल शनिवार होता. आज नापास.

लॅब_नंबर_तीन

याचं उत्तर माझ्याकडे आहे, आमच्या लॅबमध्ये पोरांना दर वर्षी सांगावं लागतं. मेथडनं आतल्या आत कॅलेंडर बघू नये. तारीख बाहेरून दे. हप्ता_संपला(तारीख). टेस्टमध्ये १ जानेवारी २००० द्यायची, तो शनिवार होता, खरं आलं पाहिजे. २ जानेवारी दिली की खोटं. मग टेस्ट जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत चालव नाहीतर मेच्या उन्हात, उत्तर तेच.

फक्त डेफच्या ओळीत तारखेची डीफॉल्ट किंमत म्हणून ‘आजची तारीख’ लिहू नकोस. ती एकदाच, फाइल लोड होताना ठरते. प्रोग्राम रात्रभर चालू राहिला तर दुसऱ्या दिवशीही त्याचं ‘आज’ कालचंच. नन (म्हणजे ‘काहीच नाही’) ठेव आणि मेथडच्या आत आल्यावर आजची तारीख बघ. तुझ्या फळ्याचीच भावकी आहे ही.

मॉक (टेस्टमध्ये खऱ्या वस्तूच्या जागी ठेवायची नकली वस्तू) शिकवणारे आता येतीलच. मॉक वाईट नाही, पण चारशे ग्रॅम शेंगाचटणी आणायला ट्रक लागत नाही.

रोखठोक

+= चं मान्य, चूक झाली. करून बघितलं, फळा तोच.

पण पायटेस्टनं निदान ती देवनागरी टेस्ट तरी पकडली असती.

जुना_जावावाला

नसती पकडली. तेही नावाच्या सुरुवातीला तोच इंग्रजी शब्द शोधतं. एकही टेस्ट सापडली नाही तर दोघंही सांगतात. युनिटटेस्ट पूर्वी शून्य टेस्ट चालवून ‘ओके’ म्हणायचं, ३.१२ पासून ‘नो टेस्ट्स रॅन’ म्हणतं. पण पाचातली एक सुटली तर कुणीच तोंड उघडत नाही. लिहिलेल्या आणि धावलेल्या मोजायचं काम आपलंच. टेस्टरताईंनी ते तीन ओळींत पकडलं, आपण दोघंही वाचून पुढे गेलो होतो.

अशोकचौक_पायथन

तारखेचं झालं, सर. आभार.

आता एक वेगळंच झालंय. ताईंनी सांगितलं म्हणून बाबांच्या मध्यस्थीनं मागच्या शनिवारच्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला, नावं झाकून. अकरा कामगार. अकराही जणांचे नग घालून बघितले. दहा जुळले. (हे लिहिताना अंगावर काटा आला.) एक जुळत नाही.

सहा दिवसांचे नग: ४८, ५२, ४७, ५०, ४९, ५१. इथल्यासाठी दर ६ धरून आकडे बदललेत, पण फरक तसाच ठेवलाय. बेरीज २९७. वहीतही २९७ च आहे. माझा प्रोग्राम म्हणतो १७८२. वहीत १७२८. उचल नाही, सेकंड नाही. मी चार वेळा हातानं गुणलं, १७८२ च येतंय. ताई म्हणाल्या आकडा वहीतून घ्यायचा. घेतला तर टेस्ट नापास. आता कोड बदलू की टेस्ट?

जुना_जावावाला

कोडला हात लावू नकोस.

१७८२ मधून १७२८ वजा कर. ५४. नऊनं भाग जातो, सहा वेळा. माझे वडील मिलच्या हिशेब खात्यात होते. ताळेबंद जुळेना की ते सगळ्यात आधी फरकाला नऊनं भागून बघायचे. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. इथे ८ आणि २ ची अदलाबदल झालीय. गुणाकार बरोबर केला, वहीत उतरवताना हात फिरला. शनिवारची रांग, डोक्यावर पंखा बंद, होतं असं.

नऊच्या पटीतला प्रत्येक फरक अदलाबदलीचाच असतो असं मात्र नाही. तुझ्या बाबतीत नग आणि दर दोन्ही समोर आहेत, म्हणून एवढं ठाम सांगतो.

टेस्टरताई

जावावाले काका, हे मी पण वहीत लिहून घेतलं.

अरे, मी वही म्हटलं ते बरोबर, पण वहीत दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे नियम: नग गुणिले दर, पन्नास पैशांचा रुपया, अर्ध्यापेक्षा जास्त उचल कापायची नाही. दुसरी म्हणजे त्या शनिवारी थकलेल्या माणसानं लिहिलेला आकडा. टेस्टमध्ये नियमानं येणारं उत्तर लिही. १७८२.

पण लगेच लिहू नकोस. कदाचित त्या बाईचे ५४ रुपये कशाचे तरी कापले असतील आणि तो नियम तुला अजून कुणी सांगितलाच नसेल, अर्ध्या उचलीचा नव्हता सांगितला तसा. नऊचा भाग जातोय म्हणून मलाही ते अवघड वाटतं, पण विचारायला पैसे पडत नाहीत. ‘तुमचं चुकलं’ म्हणून जाऊ नकोस. बाबांना म्हण, ‘दिवाणजींना विचारा, हे ५४ मला कळत नाहीत.’ उत्तर येईपर्यंत ती टेस्ट स्किप करून ठेव, आणि स्किपमध्ये कारण लिहायची जागा असते ती रिकामी ठेवू नकोस.

अशोकचौक_पायथन

विचारलं. म्हणजे बाबांनी विचारायला फोन केला. दिवाणजी भाच्याच्या लग्नाला अक्कलकोटला गेलेत, मंगळवारी येणार. ज्यांचे ५४ रुपये आहेत त्यांना बाबांनी अजून सांगितलं नाही. आधी वही बघू, म्हणाले.

सध्या हप्त्याची धरून नऊ टेस्ट. खाली येतंय: ‘रॅन ९ टेस्ट्स’, ‘ओके’, ‘स्किप्ड १’. नऊच लिहिल्यात, मोजल्या.

स्किपचं कारण लिहिलंय: ‘दिवाणजी लग्नाला गेलेत.’

अशोकचौक_पायथन

बुधवार. दिवाणजींनी वही उघडली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि पेटीतून ५४ रुपये काढून बाबांच्या हातात दिले. बाबांना म्हणाले, पोराला शनिवारी घेऊन या, पण वही मी बंद करणार नाही.

स्किप काढला. ९ पैकी ९.